पांझरेकांठचे फड

खानदेश म्हटला कीं शहरांतील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें कापूस, केळीं आणि वैशाखांतील ऊन हीं उभीं राहतात. परंतु सामाईक पाणी शहाणपणानें कसें वापरावें, ह्याचा धडा ह्याच प्रांतानें शेंकडों वर्षें गिरविला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

पांझरा नदी साक्री तालुक्यांतून धुळ्यावरून वाहत जाऊन तापीस मिळते. तिच्या पात्रांत जागोजाग दगडी बंधारे आहेत. १८१८ सालीं खानदेशांत इंग्रजी अंमल आला, त्याच्या पूर्वीपासूनची ही व्यवस्था आहे. बंधाऱ्यानें अडविलेलें पाणी पाटानें शेतांकडे वळवितात. त्या पाटावर भिजणाऱ्या रानास थळ म्हणतात, आणि थळाचे जे तीन-चार मोठे भाग पाडतात ते फड.

कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावें, हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. एका फडांत ऊंस, तर दुसऱ्यांत गहूं किंवा ज्वारी; पुढील सालीं पालट. पाणी वांटण्यास पाटकरी, पिकें राखण्यास जागल्या, आणि ह्या सर्वांवर देखरेखीस हवालदार. त्यांचा मोबदला पिकाच्या राशींतून दिला जाई. पाटांतील गाळ काढणें हें साऱ्या खातेदारांचें सामाईक काम होतें.

परंतु ह्या व्यवस्थेचें खरें मर्म निराळेंच आहे. बहुधा प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पावसानें ओढ दिली कीं एखादा फड कोरडा ठेवीत. त्यामुळें तोटा झाला तर तो सर्वांचाच होई. पाटाच्या तोंडाशीं असणारा तुपाशीं आणि शेवटास असणारा उपाशीं, असा प्रकार सहसा घडत नसे. माणसें उदार होतीं म्हणून हें चाललें असें नव्हे. दुसऱ्याचें पाणी तोडण्यांत कोणाचाच लाभ नव्हता, म्हणून तें चाललें.

पुढें दिवस पालटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरच्या अंगास पांझरेवर लाटीपाडा व तिच्या कान नदीवर मालनगांव हीं धरणें झालीं, आणि खालच्या बंधाऱ्यांकडे येणारा प्रवाह रोडावला. ज्याच्या शेतांत विहीर, त्यास फडाच्या पीकनियमाची गरज उरली नाहीं. कित्येक ठिकाणीं फड मोडले. कांहीं मात्र तग धरून राहिले.

२००५ सालीं महाराष्ट्रांत कायदा होऊन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना सिंचनाच्या कारभारांत स्थान मिळालें. कायद्यानें संस्था उभी राहते, हें खरेंच. परंतु टंचाईच्या सालीं तोट्याचा वांटा कोणी उचलावयाचा, ह्या प्रश्नाचें उत्तर आधींच ठरलेलें नसेल, तर संस्थेचें दप्तर राहतें आणि पाणी मात्र बळवंताकडे वळतें. पांझरेकांठच्या खातेदारांनीं तें उत्तर कागदावर लिहिलें नाहीं. आपल्या जमिनीच्या मांडणींतच तें पेरून ठेवलें होतें.