शक्ती आणि वजन : छोट्या विमानांची कहाणी

मुळशीवरून ताम्हिणीच्या घाटात गेलेल्यांनी घार पाहिली असेलच. कोकणातून आलेला वारा सह्याद्रीच्या कड्यावर आदळून वर चढतो आणि ती पंख न हलविता त्यावर तरंगते. बिनइंजिनाचे हलके खेळविमानही तसे तरंगेल. पण त्याला नाक आभाळाकडे करून खांबासारखे सरळ चढत राहावयास सांगितले, की वाऱ्याची उसनवारी संपली. तेथे प्रॉपेलरची ओढ विमानाच्या वजनाहून अधिक हवी.

हा हिशेब माणसाने आधी लहान विमानांवरच गिरविला. अमेरिकेच्या सॅम्युएल लँग्ली यांचे सुमारे ११ किलोंचे, वाफेचे, बिनमाणसाचे विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. इंजिन जेमतेम एका अश्वशक्तीचे! मग त्यांनी माणूस नेणारे विमान बांधले, त्यात ५२ अश्वशक्तीचे उत्कृष्ट इंजिन बसविले, आणि १९०३ साली ते दोनदा नदीत कोसळले. शक्ती होती, सांगाडा मात्र हलका करता करता दुबळा राहिला होता. दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनी राइट बंधू १२ अश्वशक्तीवर उडाले.

आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविल्याची कथा अभिमानाने सांगतात. अभिमान असावा, पण इंजिनाची शक्ती किती आणि सांगाड्याचे वजन किती, हे दोन आकडे ती कथा देत नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्रा’ची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली छाननी केली, तेव्हा त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत असेच निघाले. कटू आहे खरे.

रेडिओने चालविलेल्या विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली. ती अमेरिकेच्या एड काझ्मिर्स्की यांनी जिंकली. या स्पर्धांच्या नियमांत अनेक वर्षे वजनाला ५ किलोंची, लांबी-रुंदीला दोन मीटरची मर्यादा राहिली. इंजिन वाढवावे तर त्याचेच वजन वाढते. म्हणून कारागीर फळीला भोके पाडतो, डिंक मोजून लावतो, रंगाचा दुसरा हात टाळतो. त्याचे आवडते लाकूड बाल्सा, दक्षिण व मध्य अमेरिकेतले. गंमत अशी, की आपली काटेसावर त्याच्याच कुळातली! तिच्या लाकडाच्या आगकाड्या होतात. परंतु बाल्सापुढे तेही जडच.