चक्रीवादळ, अरबी समुद्रातील : जोर आणि मार्ग

उष्ण समुद्रावर कमी दाबाच्या केंद्राभोवती गरगरत वाढणारे वादळ. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमी.च्या वर गेला की भारतीय हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो.

त्याचे इंधन म्हणजे वाफ. वाफेचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, केंद्रातला दाब उतरतो आणि वारे आणखी जोराने आत ओढले जातात. त्यासाठी पाणी साधारण २६.५° से.हून गरम लागते, तेही नुसते वरवर नव्हे, तर सुमारे ५० मी. खोलीपर्यंत. वादळ समुद्र ढवळते. खालचे गार पाणी वर आले की जोर ओसरतो. अरबस्तानाकडून कोरडी हवा आत शिरली तरी तेच होते.

ऐन पावसाळ्यात समुद्र खवळलेला असूनही अरबी समुद्रात चक्रीवादळे क्वचितच होतात. तेव्हा खाली नैर्ऋत्येचे वारे जोरात असतात, तर वर पूर्वेचे. या ओढाताणीत वादळाचा उभा खांब टिकत नाही. म्हणून त्यांचा हंगाम पावसाळ्याच्या आगेमागे येतो.

वादळाची स्वतःची चाल थोडी : उत्तर गोलार्धात त्याला वायव्येकडे हलका ओढा असतो. बाकी त्याला आजूबाजूचे वारे नेतात. उत्तरेला उच्च दाबाचा पट्टा भक्कम असेल, तर ते ओमानकडे जाते. २०१९चे ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ असेच कोकणापासून पश्चिमेकडे दूर गेले. पश्चिमी वाऱ्यांतला कमी दाबाचा पट्टा खाली उतरला, तर मात्र वादळ ईशान्येला वळते आणि किनारा गाठते.

‘निसर्ग’ असेच वळले. चक्रीवादळ बनल्यापासून जेमतेम एका दिवसात, ३ जून २०२०च्या दुपारी, ते ताशी ११०–१२० किमी. वेगाने श्रीवर्धनजवळ धडकले. पुढे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या अंगाला वाऱ्यात त्याची स्वतःची गतीही मिसळते. दापोली-मंडणगड त्या अंगाला होते, मुंबई डाव्या. वाड्यांमधल्या पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. नवी पोफळ धरायला पाचाहून अधिक वर्षे जातात. त्यामुळे हे नुकसान पंचनाम्याच्या आकड्यांत मावणारे नव्हते.

पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ किनाऱ्याला जवळजवळ समांतर गेले. जमिनीवर लवकर चढले नाही, म्हणून गरम पाण्यावर तीन दिवस पोसले गेले, आणि १७ मे २०२१च्या रात्री दीव-उना भागात शिरले तेव्हा वारे ताशी १६०–१७० किमी.चे होते. मार्ग व जोर हे पुस्तकांत वेगळे धडे असले, तरी इथे मार्गानेच जोर ठरवला.

मार्गाचा अंदाज आता बराच नेमका येतो. एका रात्रीत वाढणारा जोर ओळखणे अजून अवघड आहे. बंदरावर बावटा चढला की होड्या लगेच माघारी आणाव्या लागतात, त्या याचसाठी.