विश्लेषण : जळालेले, बुडालेले जहाज दुरुस्त करायचे की भंगारात काढायचे?

ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ नौसैनिकांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच गोदीत ‘आयएनएस बेतवा’ ही युद्धनौका कलंडली, त्यात दोघांचा जीव गेला. बेतवा पुन्हा सेवेत आली. सिंधुरक्षकला मात्र २०१७ मध्ये अरबी समुद्रात जलसमाधी देण्यात आली. असे निर्णय कसे होतात?

व्यापारी जहाजाचे काय होते?

येथे विम्याचे गणित चालते. दुरुस्तीचा खर्च दुरुस्त झालेल्या जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त होणार असेल, तर त्याला ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ म्हणतात. भारताच्या १९६३च्या सागरी विमा कायद्यात ही तरतूद आहे. अशा वेळी मालक जहाज विमा कंपनीकडे सोपवून पूर्ण नुकसानीचा दावा करू शकतो.

युद्धनौकेचा हिशेब वेगळा का?

युद्धनौकेला बाजारभाव नसतो. त्यामुळे नवी नौका बांधायला किती पैसा आणि किती वर्षे लागतील, याच्याशी तुलना होते. ऑक्टोबर २००० मध्ये एडन बंदरात आत्मघाती हल्ल्यात अमेरिकेच्या ‘यूएसएस कोल’ला भगदाड पडले, १७ नौसैनिक ठार झाले. सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून ती २००२ मध्ये सेवेत परतली. याउलट, जुलै २०२० मध्ये सॅन डिएगोत ‘यूएसएस बॉनहोम रिचर्ड’ चार दिवसांहून अधिक काळ जळत राहिली. दुरुस्तीला २५० ते ३२० कोटी डॉलर आणि पाच ते सात वर्षे लागतील, असा अंदाज निघाला. जहाज तेव्हा २२ वर्षांचे होते. ते भंगारात गेले.

नुकसान कोणते, हे का महत्त्वाचे?

भगदाड एका जागी असेल तर तेवढा भाग कापून नवा जोडता येतो. आगीत पोलाद वाकते, त्याची ताकद कमी होते. खारे पाणी केबल आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा निकामी करते. पाणबुडीच्या सांगाड्याला तर खोल पाण्याचा दाब सोसायचा असतो, तेथे तडजोड चालत नाही. स्फोटात फाटलेली सिंधुरक्षक सुमारे दहा महिने पाण्याखाली होती.

दुरुस्त करायचे नसेल तर वर का काढतात?

गोदी किंवा जलमार्ग मोकळा करणे, तेलगळती टाळणे, दारूगोळा सुरक्षित हलवणे, मृतदेह शोधणे आणि अपघाताची चौकशी करणे, ही त्याची कारणे. २०१२ मध्ये इटलीत आडवे झालेले ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हटवण्याचा खर्च ते बांधण्याच्या खर्चाहून जास्त झाला. शेवटी ते जिनोआत तोडण्यात आले. म्हणजे जहाज वाचवणे आणि जहाज हटवणे हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. पहिला टाळता येतो, दुसरा बहुतेक वेळा टाळता येत नाही.