आवराआवर कोणी करायची?

तासगावची बाजारपेठ बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखादे शीतगृह डोळ्यांसमोर आणा. माल ठेवला की पावती मिळते, माल उचलला की जागा मोकळी होते. समजा, पावती हरवली आणि माल तसाच पडून राहिला, तर ती जागा कोणाच्याच उपयोगाची नाही. अशा जागा वाढल्या तर नवा बेदाणा दारातूनच परत जाईल. संगणकाच्या स्मृतीचेही असेच होते. आज्ञावली जागा मागून घेते आणि परत करायला विसरते. संगणक मंदावतो, शेवटी काम बंद पडते.

१९६० साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेवरील निबंधात यावर उपाय मांडला. जागा संपली की काम थांबवायचे, पावती कोणाकडेच नाही अशा जागा शोधायच्या आणि मोकळ्या करायच्या. यालाच ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणतात. ऑब्जेक्टची कल्पना प्रथम आणणाऱ्या नॉर्वेतील सिम्युला ६७ या भाषेतही ही सोय होती.

केंब्रिजला पीएच.डी. करताना बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी सिम्युलात आज्ञावली लिहिली. मोजून पाहिले, तर ८० टक्क्यांहून अधिक वेळ या सफाईतच जात होता. गंमत म्हणजे त्यांच्या आज्ञावलीत कचरा होतच नव्हता! १९७९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत नवी भाषा रचायला घेतली. तीच पुढे सी प्लस प्लस झाली. तिच्यात ऑब्जेक्ट तयार होताना ‘कन्स्ट्रक्टर’ चालतो आणि त्याचे काम संपताच ‘डिस्ट्रक्टर’ आपोआप चालतो. आवराआवर तिथल्या तिथे होते.

१९९५ साली आलेल्या जावाने मात्र पुन्हा सफाईवाला नेमला. स्मृतीपुरते ते सोयीचेच होते. पण शीतगृहातल्या हातगाड्यांचे काय? त्या मोजक्याच असतात. जागा भरपूर असेल तर सफाईवाला येणारच नाही, आणि गाड्या मात्र कोपऱ्यात अडकून राहतील. संगणकात उघडलेल्या फाइली आणि नेटवर्कच्या जोडण्या म्हणजे या हातगाड्या. त्यांच्यासाठी जावात ‘फायनलाइझ’ची सोय होती, पण ती केव्हा चालेल, मुळात चालेल की नाही, याची हमी नव्हती. २०११ मध्ये जावाने ठरावीक कंसातून बाहेर पडताच फाइल बंद करण्याची सोय आणली. २०१७ मध्ये ‘फायनलाइझ’ वापरू नये असे जाहीर झाले.

प्रयोगशाळेतील भिंगे तासाच्या शेवटी मोजून घ्यावी लागतात, वर्षाअखेरच्या साठा तपासणीपर्यंत थांबता येत नाही. फाइल बंद करणे शिकवताना हे उदाहरण विद्यार्थ्यांना सहज पटेल.