शेतकऱ्याच्या घराचा इतिहास

राजवाड्यास इतिहास असतो, शेतकऱ्याच्या घरास केवळ वय असतें, ही समजूत स्वीडनमधील आर्तुर हाझेलियस ह्यांनीं खोटी ठरविली. १८७२ सालीं दालार्ना प्रांतांत हिंडतांना जुने पोशाख व चालीरीति लोपत असल्याचें त्यांनीं पाहिलें. प्रथम त्यांनीं वस्तु जमविल्या. परंतु घरावांचून चूल मुकीच असते. म्हणून १८९१ सालीं स्टॉकहोम येथें त्यांनीं स्कान्सेन हें उघड्यावरील संग्रहालय स्थापिलें. गांवोगांवचीं लाकडी घरें ओंडका न् ओंडका सुटा करून तेथें पुन्हां उभारलीं गेलीं. आपल्या भूमीपासून तुटलेलें घर तेंच घर राहतें काय? पूर्णपणें नाहीं, असेंच आम्हांस वाटतें. परंतु जागच्या जागीं त्यांपैकीं कित्येकांचें सरपणच झालें असतें. परक्या टेकडीवर कां होईना, नांगरधाऱ्यास इतिहासांत ओसरी मिळाली, हें थोडें नव्हे.