शिखरावरचा ऋषी आणि पायथ्याचे वैद्य

डिसेंबर १९८७. केरळच्या दक्षिण टोकाशी, अगस्त्यमलैच्या अरण्यात, संशोधकांचे एक पथक चढण चढत होते. आदिवासींच्या वनस्पतिज्ञानाची देशभर नोंद घेणाऱ्या एका राष्ट्रीय प्रकल्पाचे हे पथक, डॉ. पी. पुष्पांगदन त्याचे प्रमुख. वाट दाखवायला काणी जमातीचे काही जण सोबत होते. संशोधक दमले, वाटाडे मात्र ताजेतवाने. चालता चालता ते कसलीशी लहान फळे तोंडात टाकत होते. पाहुण्यांनीही ती खाल्ली आणि आपला थकवा उतरल्याचे त्यांना जाणवले. झाड कोणते, हे सांगायला वाटाडे आरंभी तयार नव्हते. हे ज्ञान जमातीबाहेर द्यायचे नसते, असे त्यांचे म्हणणे होते. पुष्कळ मनधरणीनंतर त्यांनी ते दाखवले. काणी त्याला आरोग्यपच्च म्हणतात. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस.

पारंपरिक ज्ञान आणि लाभवाटप यांवरील चर्चेत ही कथा हमखास सांगितली जाते, आणि ती बहुधा यशोगाथा म्हणूनच. फळांचा चमत्कार सर्वांच्या लक्षात राहतो. त्या मनधरणीवरून मात्र सांगणारे घाईघाईने पुढे जातात. माझ्या मते कथेचा गाभा तेथेच आहे.

पुढील घटनाक्रम थोडक्यात असा. पुष्पांगदन नंतर तिरुवनंतपुरमजवळील पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेचे संचालक झाले. काणी फळे खात. संस्थेने औषधासाठी पाने निवडली. त्यांत अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता मिसळून 'जीवनी' हे शक्तिवर्धक औषध सिद्ध झाले. १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला त्याच्या उत्पादनाचा परवाना सात वर्षांसाठी देण्यात आला. परवानाशुल्क १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन. या दोन्हींतील निम्मा वाटा काणींचा, असे संस्थेने ठरवले. हे सारे घडले तेव्हा भारतात जैवविविधता कायदा नव्हता. जागतिक जैवविविधता करार अमलात येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. कोणतेही कायदेशीर बंधन नसताना एका सरकारी संस्थेने आपल्या उत्पन्नाचा अर्धा भाग ज्ञान देणाऱ्यांना देऊ केला, ही गोष्ट लहान नाही. त्या प्रयोगावर टीका करताना हे विसरणे अन्यायाचे होईल.

तरीही एक साधा हिशेब मांडून पाहावा. परवानाशुल्काचा निम्मा वाटा म्हणजे ५ लाख रुपये. केरळमधील काणींची लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास. सर्वांत वाटले, तर माणशी २५ रुपये. अर्थात रक्कम अशी वाटायची नव्हतीच. ती सांभाळण्यासाठी १९९७ मध्ये काणींचा एक विश्वस्त निधी नोंदवण्यात आला आणि प्रत्यक्ष पैसा त्याच्याकडे पोहोचायला १९९९ उजाडले. मधल्या काळात 'काणी म्हणजे नेमके कोण' हा प्रश्न उभा राहिला होता. जमात वेगवेगळ्या पंचायतींच्या हद्दींत विखुरलेली आहे. संस्थेचा संबंध प्रामुख्याने कुट्टिचल भागातील काणींशी आला आणि आरंभी विश्वस्त निधीवरही त्याच भागाचा वरचष्मा राहिला. इतर वस्त्यांना हा व्यवहार आपल्या नावाने, पण आपल्याला न विचारता झालेला वाटला.

सर्वांत तीव्र हरकत प्लाथींची होती. प्लाथी म्हणजे काणींचे वैद्य. औषधी ज्ञान जपण्याचा आणि ते कोणाला द्यावे हे ठरवण्याचा अधिकार परंपरेने त्यांचा. वाटाड्यांनी जे सांगितले ते सांगण्याचा अधिकार त्यांना होता का, हा प्लाथींचा प्रश्न. १९९५ मध्येच त्यांच्यातील काहींनी केरळच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून आपले ज्ञान खाजगी कंपन्यांना विकले जाण्यास विरोध नोंदवला. त्यातच वनखात्याने पाने गोळा करण्यास हरकत घेतली. म्हणजे ज्ञान काणींचे, पान वनखात्याचे आणि सूत्र संस्थेचे! दरम्यान अमेरिकेतील एका कंपनीने 'जीवनी' हे नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले.

ज्या अरण्यातून हे ज्ञान बाहेर आले, त्याच्या माथ्यावर मात्र आणखी एका वैद्यपरंपरेची खूण उभी आहे. १८६८ मीटर उंचीच्या अगस्त्यकूट शिखरावर अगस्त्य ऋषींची पाषाणमूर्ती आहे. विंध्याला नमवून दक्षिणेत उतरलेले अगस्त्य आपल्याला कथांतून ठाऊक असतात. तमिळ परंपरेत ते सिद्धवैद्यकाचे आद्य आचार्य मानले जातात आणि त्या श्रद्धेने दर्शनाला येणारे यात्रेकरू शिखर चढतात. (माझ्या विषयाचाही या पर्वताशी संबंध आहे. त्रावणकोर वेधशाळेचे संचालक जॉन अ‍ॅलन ब्राउन यांनी १८५५ मध्ये येथे चुंबकीय वेधशाळा उभारली. तिरुवनंतपुरम आणि हे शिखर अशा दोन ठिकाणी एकाच वेळी नोंदी घ्याव्यात, म्हणजे उंचीचा परिणाम कळेल, असा त्यांचा विचार होता.) मूर्ती परकी आणि काणी मूळचे, अशी सोपी विभागणी येथे लागू पडत नाही. काणीही अगस्त्यांना मानतात, पर्वताला पवित्र समजतात आणि स्वतःला त्याचे राखणदार म्हणवतात.

हे राखणदारपण २०१९ मध्ये ऐरणीवर आले. शिखरावरील पदभ्रमणात स्त्रियांना मज्जाव होता. तो भेदभाव चालणार नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये दिला. जानेवारीत पहिली स्त्री चढाईला निघाली, तेव्हा बोनक्काड येथे काणींनी निदर्शने केली. चढाईला अडथळा मात्र केला नाही. निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे. लिंगावरून वाट अडवणे मला मान्य होण्यासारखे नाही. परंतु पर्वतावर कोणी जावे, कधी जावे, किती जणांनी जावे, हे त्याआधीही वनखातेच परवाने देऊन ठरवत होते, आणि काणी तेथे वाटाडे म्हणून राबत होते. १९८७ मधील भूमिकाच ती. शिखरावरील मूर्तीचे काय करावे, या वादात त्यांचे मत श्रद्धेचा प्रश्न म्हणून ऐकले जाते. मालकीचा प्रश्न म्हणून क्वचितच.

ऋषींची परंपरा आणि प्लाथींची परंपरा यांतील अंतर आता कायद्यातही उतरले आहे. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना लाभवाटपाच्या बंधनातून सूट मिळाली. संहिताबद्ध म्हणजे आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांच्या अधिकृत ग्रंथांत असलेले. प्लाथींचे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नाही, म्हणून त्यावरील लाभवाटपाचे बंधन कागदोपत्री कायम आहे. पण एखादी वनस्पती ग्रंथातही असेल आणि प्लाथींच्या तोंडीही, तर उद्योग कोणता आधार दाखवील, हे सांगायला नको. अरण्यात अशा वनस्पती थोड्या नाहीत.

२०१९ मध्ये केरळमधील संशोधकांनी आरोग्यपच्चच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. आता या वनस्पतीविषयीची माहिती अरण्यात न जाता, संगणकावर उपलब्ध आहे. तेथे कोणाची मनधरणी करावी लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा हक्क मान्य केला आहे. जैवविविधता कायद्यातही स्थानिक समितीशी सल्लामसलत करण्याची तरतूद आहे. समितीने नकार दिला तर परवानगी अडेल, असे मात्र त्या तरतुदीत कोठेही लिहिलेले नाही.