मूळ संहितेचे मोल

संगणकाची आज्ञावली माणूस लिहितो ती माणसास वाचता येईल अशा भाषेत. तिलाच मूळ संहिता अथवा सोर्स कोड म्हणतात. पुढे कंपायलर नामक साधन तिचे रूपांतर यंत्रास कळणाऱ्या अंकांत करते; त्या रूपास बायनरी हे नाव आहे. या रूपांतरात लेखकाने योजिलेली बहुतेक नावे व समासातील टिपा गळून पडतात. बायनरी उलट वाचून तिची संहिता जुळविणे, म्हणजे डीकंपाइल करणे, अशक्य नव्हे; परंतु हाती येते ती नावगाव पुसलेली बखर. काय घडते हे तीवरून कळते. ते कोणत्या हेतूने, हे ज्याचे त्याने ताडावे.

या भेदास कायद्याचे रूप कसे आले, हा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो. सन १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झेरॉक्स कंपनीचे नवे छपाईयंत्र आले. जुन्या यंत्राची संहिता हाती असल्यामुळे, कागद अडकताच संबंधितांस वर्दी जावी अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी तीत केली होती. नव्या यंत्राची संहिता मिळेना. सबब ती सोय पुन्हा करता येईना. पुढे १९८३ साली स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९८९ साली जीपीएल हा परवाना सिद्ध केला. बदल करू इच्छिणारा जे रूप पसंत करील तीच मूळ संहिता, अशी व्याख्या त्यात आहे. बायनरी पुढे करून ‘संहिता दिली’ म्हणण्याची वाट तिने बंद केली.

या परवान्याची कसोटी २००३ साली लागली. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचे जाणकारांच्या ध्यानी आले. लिनक्स जीपीएलखालील असल्याने कंपनीस संहिता प्रसिद्ध करणे प्राप्त झाले. तिच्या आधारे २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला, आणि एका साध्या पेटीत लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे नवे गुण घातले.

त्याच पेटीतील बिनतारी संदेशवहनाचा, ब्रॉडकॉम कंपनीचा भाग मात्र बायनरीच राहिला. तेथे नकलेचा आरोप येऊ नये म्हणून एका गटाने बायनरी अभ्यासून केवळ वर्णन लिहायचे व दुसऱ्याने त्यावरूनच नवी आज्ञावली रचायची, अशी कष्टाची वाट धरावी लागली. तिचे फळ लिनक्समध्ये दाखल झाले ते २००६ साली.

त्या अभ्यासकांच्या चिकाटीविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि ब्रॉडकॉमच्या लेखकांस आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा शोधण्यात त्यांचे श्रम खर्ची पडले, हे विसरता येत नाही. निर्मात्याने लक्ष काढून घेतल्यावरही घरातील वस्तू दुरुस्त करता यावी, असे वाटणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने ती घेतानाच विचारावे की, हिची संहिता मिळते काय?